सोळा मावश्या आणि कोठीची दोन दारं

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. सबमिशनचा आठवडा. टेबलावर अर्धवट उतरवलेली जर्नल्स, खाली बादलीत भिजत पडलेले कपडे, आणि दारावर टकटक. उघडून बघतो तर आमच्याच विंगमधला एक ज्युनिअर. डिप्लोमा करून थेट एस.ई.ला आलेला, मितभाषी पोरगा. हातात चार घड्या घातलेला कागद.

"दादा, जागे आहात ना? जरा एवढं बघता का?"

कागद म्हणजे शहरातल्या एका दुकानाचं कोटेशन होतं. पहिलीच ओळ, एएमडी रायझन ९ ७९५०एक्स. तिच्याखाली निळ्या पेनानं दोनदा ओढलेली रेघ. खालच्या ओळी मात्र कुणी पुसत नाही अशा. रॅमची एकच काडी, सोळा जीबीची. पॉवर सप्लाय कुणाचा, किती वॅटचा, काही लिहिलेलं नाही. कूलरपुढे नुसतं 'साधा'. यूपीएसचा तर पत्ताच नाही. म्हणजे नवरदेवाच्या बोटात हिऱ्याची अंगठी आणि वऱ्हाडाला पाणी विचारायला कुणी नाही, असा प्रकार.

मी विचारलं, "एवढे पैसे कुठून आणतोयस?"

"बाबा पतसंस्थेतून उचलणार आहेत. म्हणाले, एकदाच घे पण भारी घे. परत परत जमायचं नाही."

घरी सोयाबीन आणि थोडा कापूस. यंदा पावसानं काय केलंय ते मराठवाड्यातल्या पोरांना सांगायची गरज नाही. त्याला म्हटलं, "उद्या सांगतो." तो गेला, पण मला काही झोप लागेना. कारण त्या कागदावरची पहिली ओळ माझ्या चांगल्याच ओळखीची होती. मंडळी, हा लेख म्हणजे त्याला दिलेलं उत्तर आहे. मासिकात अशासाठी देतोय की अशी कोटेशनं घेऊन फिरणारा तो काही एकटा नाही.

आधी कबुलीजबाब. मागच्या वर्षी टी.ई.ला असताना विभागाच्या लॅबसाठी एक दणकट मशीन घ्यायचं ठरलं. विद्यार्थ्यांनाही विचारू, असं सर म्हणाले आणि आम्ही चौघं लगेच पुढे सरसावलो. सरांनी एकच प्रश्न विचारला, "काम कसलं आहे, आणि किती आहे?" उत्तर म्हणून आम्ही एका तक्त्याची प्रिंट पुढे केली. त्यात हा प्रोसेसर सगळ्यात वर होता. सर गालातल्या गालात हसले आणि त्यांनी सही केली. ते हसणं तेव्हा कळलं नाही.

पैशाचा मोठा भाग प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमध्ये गेला. उरलेल्यात बत्तीस जीबी रॅम बसली. मशीन आलं, नारळ फुटला, पेढे झाले. मग आम्ही आमचा प्रॉब्लेम लावला. पाइपच्या बेंडमधला पाण्याचा प्रवाह, ओपनफोममध्ये. चार कोअरवर चालवला, छान. आठवर चालवला, अजून छान. सोळावर चालवला आणि घड्याळ जवळजवळ तिथंच! मेश बारीक करून बघू म्हटलं, तर रॅमच संपली. त्याच आठवड्यात गॅदरिंगच्या ग्रुपमधल्या एका मुलीनं त्याच मशीनवर ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन रेंडरला लावलं. सोळाच्या सोळा कोअर शंभर टक्क्यांवर! आम्ही कँटीनमधून चहा पिऊन येईपर्यंत तिच्या कितीतरी फ्रेम्स तयार. मशीन तेच, आठवडा तोच. तिला ते ऐरावत वाटलं आणि आम्हाला पांढरा हत्ती.

चूक मशीनची नव्हती, आमची होती. सरांच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिलंच नव्हतं.

आता या प्रोसेसरचे गुण आधी मोजू, कारण ते खरोखरच मोठे आहेत. ७९५०एक्स बाजारात आला २७ सप्टेंबर २०२२ रोजी, तेव्हाची किंमत ६९९ डॉलर. सोळा कोअर, बत्तीस थ्रेड. मूळ वेग ४.५ गिगाहर्ट्झ आणि एखादाच कोअर कामाला असला की ५.७ पर्यंत उडी. थेट गणित करणारे भाग तैवानच्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेले. ऑगस्ट २०२४ मध्ये याचा धाकटा भाऊ ९९५०एक्स आला, त्यामुळे हा आता घराण्यातला थोरला. पण थोरला म्हणजे म्हातारा नव्हे.

याच्या आधीच्या ५९५०एक्समध्ये ग्राफिक्सच नव्हतं. स्क्रीनवर साधा डेस्कटॉप बघायचा तरी वेगळं कार्ड लागायचं. यात छोटंसं ग्राफिक्स आतच दिलंय. त्यावर गेम खेळायचा विचारही करू नका, पण कार्डाचे पैसे जमेपर्यंत काम अडत नाही. दुसरा गुण एव्हीएक्स-५१२. म्हणजे एकाच आज्ञेत आकड्यांच्या मोठ्या गठ्ठ्यावर गणित करायची सोय. इंटेलनं आपल्या मोठे-छोटे कोअर मिसळलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ती बंद ठेवली आणि एएमडीनं याच वेळी सुरू केली. नंबर क्रंचिंग करणाऱ्यांना हे महत्त्वाचं. तिसरा गुण म्हणजे कोअर सगळे सारखे. काम मोठ्या कोअरवर गेलं की छोट्यावर, ही काळजीच नाही.

मग आम्ही आपटलो कुठं? ते समजून घ्यायला आपल्या मेसमध्ये चला.

समजा, पोळ्या लाटायला सोळा मावश्या आहेत. प्रत्येकीपुढे दोन पोळपाट. एका पोळपाटावरच्या पोळीला पीठ लागेपर्यंत दुसऱ्यावर लाटायचं, म्हणजे हात रिकामा राहत नाही. हेच ते बत्तीस थ्रेड. या मावश्या एका खोलीत मावत नाहीत म्हणून दोन स्वयंपाकघरं, आठ-आठ जणींची. प्रोसेसरच्या झाकणाखाली खरोखरच असे दोन वेगळे तुकडे आहेत, आठ-आठ कोअरचे. प्रत्येकाजवळ ३२ एमबीचं फडताळ, ज्याला आपण एल-३ कॅश म्हणतो. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये तिसरा तुकडा, तो म्हणजे बोळ आणि कोठीचा कारभारी. एका स्वयंपाकघरातल्या मावशीला शेजारणीकडून तूप हवं असेल तर हात लांब केला की मिळतं. पण पलीकडच्या स्वयंपाकघरातून हवं असेल तर बोळातून निरोप धाडायचा. वेळ जाणारच.

आता पहिला प्रश्न. मावश्या सोळा, पण कणीक मळणारा एकच असेल तर? तो मळत असेपर्यंत सोळाजणी गप्पा मारत बसणार. हे गणित जीन ॲमडाल या संगणक अभियंत्यानं १९६७ मध्ये मांडलं, आपण ते तोंडी परीक्षेपुरतं पाठ करतो आणि दुकानात गेल्यावर विसरतो. कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येत असेल आणि १० टक्के एकट्यानंच करावा लागत असेल, तर आठ कोअरवर काम ४.७ पट वेगानं होतं आणि सोळावर ६.४ पट. कोअर दुप्पट झाले, पण वेग दीडपटही वाढला नाही. निम्मंच काम वाटता येत असेल तर सोळा कोअर लावूनही वेग दुपटीच्या आत, १.८८. उलट ९९ टक्के वाटता येत असेल तर सोळावर जवळजवळ १४ पट! रेंडरिंग या शेवटच्या जातीचं. चित्राचे तुकडे करा, वाटून टाका, कुणाला कुणाशी बोलायची गरज नाही. सॉलिड मॉडेलिंग पहिल्या जातीचंही नाही. तिथं एका फीचरवर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. पंधरा मावश्या बसून, एकटी लाटतेय.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण आम्ही तिथंच आपटलो. पीठ येतं कुठून? कोठीतून. कोठीला दारं किती? दोन. मावश्या सोळा असोत नाही तर आठ, दारं दोनच. या प्रोसेसरला मेमरीचे दोन चॅनेल आहेत. डीडीआर५-५२०० रॅमच्या दोन काड्या लावल्या तर कागदोपत्री सेकंदाला ८३.२ जीबी माल आत येतो. सोळा जणींत वाटला तर प्रत्येकीच्या वाट्याला ५.२ जीबी. प्रवाहाच्या गणितात प्रत्येक फेरीला मेशमधल्या प्रत्येक पेशीचे आकडे आणायचे, त्यावर थोडीशीच बेरीज-गुणाकार करायचा आणि परत ठेवायचे. म्हणजे लाटणं कमी, कोठीच्या चकरा जास्त. सात-आठ मावश्या दारात उभ्या राहिल्या की दारं भरली. पुढच्या आठजणी रांगेत. आमचं घड्याळ थांबलं ते इथं. सर्व्हरच्या प्रोसेसरांना आठ-आठ, बारा-बारा चॅनेल देतात ते काही हौस म्हणून नाही.

आता आमच्या ज्युनिअरचं कोटेशन आठवा. सोळा कोअर आणि रॅमची एकच काडी! म्हणजे सोळा मावश्या बसवल्या आणि कोठीच्या दोन दारांतलं एक आपल्याच हातानं कुलूपबंद केलं. एवढी एक गोष्ट या लेखातून लक्षात राहिली तरी पुष्कळ आहे. काड्या दोन घ्या, जोडीनं घ्या. आणि 'आत्ता दोन, नंतर अजून दोन' असा हिशेब करत असाल तर तेही सांगतो. चारही खाचा भरल्या की एएमडीनं ठरवून दिलेला रॅमचा वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. म्हणून पहिल्यांदाच पुरेशी मोठी जोडी घेतलेली बरी.

गेमवाल्यांसाठी दोन ओळी, नाही तर तुम्ही पान उलटाल. गेमला सोळा मावश्या लागतच नाहीत, मोठं फडताळ लागतं. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीनंच ७८००एक्स३डी आणला. आठच कोअर, पण एल-३ कॅश ९६ एमबी. किंमत ४४९ डॉलर. गेममध्ये तो या ६९९ वाल्याच्या पुढे जातो. घरातल्याच धाकट्यानं थोरल्याला हरवलं! म्हणजे 'सगळ्यात महाग तो सगळ्यात वेगवान' हे वाक्य एकाच कंपनीच्या एकाच पिढीतसुद्धा खरं ठरत नाही.

आता उष्णतेकडे वळू, कारण आपण राहतो कुठं ते विसरून चालणार नाही. खोक्यावर लिहिलेला आकडा १७० वॅटचा. प्रत्यक्षात सॉकेटमधून हा २३० वॅटपर्यंत ओढू शकतो. आधीच्या ५९५०एक्सचा खोक्यावरचा आकडा १०५ होता. पूर्ण कामाला लागला की हा मुद्दामच ९५ अंशांपर्यंत चढतो आणि तिथं स्वतःला सांभाळून चालत राहतो. कंपनी म्हणते, हे असंच ठरवलेलं आहे, बिघाड नाही. ते बरोबरही आहे. कूलर जितका चांगला तितका ९५ अंशांवर वेग जास्त मिळतो, इतकंच. शिवाय जुने कूलर बसावेत म्हणून झाकण जाड ठेवलंय. सोय झाली, पण उष्णता बाहेर पडायची वाट तेवढी लांबली. खोक्यात कूलर येत नाही. आणि 'साधा' कूलर इथं चालत नाही.

हे युरोपातल्या गारठ्यात ठीक. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२, खोलीत पंखा फिरतोय तो गरम हवाच फिरवतोय. त्यात २३० वॅट म्हणजे तीन पंख्यांची वीज, पण वारा नाही, नुसती धग. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो असं आपण वातानुकूलनाच्या पेपरला लिहितो. तेव्हा दोघांच्या खोलीत अजून दोघं जण येऊन झोपल्यासारखं समजा. वर ग्राफिक्स कार्ड असेल तर अख्खी विंगच तुमच्याकडे मुक्कामाला! ६०० व्हीएचा यूपीएस या मशीनपुढे हात टेकतो. आणि तीन-तीन खोल्या मिळून एक एमसीबी असलेल्या हॉस्टेलात, रेक्टर सरांची डेस्कटॉपबद्दलची नोटीस आपण ज्या तोऱ्यात फाडतो, ती तितकी अन्यायाची नव्हती हे मला आता पटलंय.

पण थांबा. या प्रोसेसरची सगळ्यात मोठी गंमत इथंच आहे. त्याच्या बायॉसमध्ये 'इको मोड' नावाची एक सोय आहे. १०५ वॅटवर ठेवला तर सॉकेटमधून १४२ वॅटच ओढतो. सगळे कोअर लागणाऱ्या कामात वेग पाचेक टक्क्यांच्या आसपास घटतो. ६५ वॅटवर ठेवला तर ओढतो फक्त ८८ वॅट, आणि तरीही काम तीन चतुर्थांशाहून कमी होत नाही. एकाच कोअरचं काम असेल तर फरक कळतही नाही, कारण एका मावशीला तेवढी वीज लागतच नाही. दहा तासांच्या रेंडरला २३० वॅटनं २.३ युनिट, ८८ वॅटनं ०.९ युनिटच्या आत, वेळ थोडा जास्त लागेल तो धरूनही निम्म्याच्या आसपास. हाच सिलिकॉनचा तुकडा, तोच पैसा. मग कंपनी तो असा गार डोक्याचा का विकत नाही?

कारण आमच्यासारखे प्रिंट घेऊन फिरणारे! तक्त्यात पहिला नंबर हवा, आणि तो शेवटच्या पाच टक्क्यांत ठरतो. पहिले ९५ टक्के अभियंत्यानं दिलेले असतात, शेवटचे पाच स्पर्धेनं पिळून काढलेले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलचा १३९००के आला, तो २५३ वॅटचा, ५.८ गिगाहर्ट्झचा. दोघांनी एकमेकांना ढकलत शिडीच्या शेवटच्या पायरीवर नेलं. त्या पायरीवर काय होतं ते पुढे दिसलं. एप्रिल २०२३ मध्ये ७००० मालिकेतले काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले, मग एएमडीला एका व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. जुलैमध्ये इंटेलनं मान्य केलं की मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे प्रोसेसर आधीच खराब झाले होते ते त्या दुरुस्तीनं बरे होणारे नव्हते. ताण देऊन बघण्याच्या प्रयोगात आपण नमुना कुठपर्यंत ताणतो आणि डिझाइन करताना कुठं थांबतो, यातला फरक दुसऱ्या वर्षालाच शिकवतात. फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात त्याला.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी त्या ज्युनिअरला ऐकवलं. अगदी मेससकट. शेवटी मोठेपणानं सल्ला दिला, "आत्ता रायझन ७ ७७०० घे. आठ कोअर, ६५ वॅट, कूलर खोक्यातच मिळतो. सॉकेट तेच एएम५. एएमडीनं २०२७ पर्यंत आणि पुढेही त्याच सॉकेटवर प्रोसेसर द्यायचं जाहीर केलंय. पुढे गरज पडली तर त्याच बोर्डावर सोळावाला बसव."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, पुढे म्हणजे कधी? पैसे दोनदा मिळणार असतील त्याच्यासाठी हे बरोबर आहे. मला एकदाच मिळणारेत. आत्ता कमी घेतलं तर कायमचं कमीच राहील ना?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. 'गरजेपुरतं घ्या, नंतर वाढवा' हे शहाणपण ज्याच्या खिशात 'नंतर' असतं त्याचं आहे. ज्याच्या घरी चार-पाच वर्षांत एकदाच मोठा खर्च होतो, तो सगळ्यात भारी वस्तूकडे धावतो ते हावेपोटी नाही, भीतीपोटी. त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. मी मनातल्या मनात म्हटलंही होतं, त्याची लाज वाटली.

तेव्हा वाद सोडून आम्ही मोजायचं ठरवलं. सरांना विचारून तो दोन संध्याकाळी लॅबमधल्या त्याच मशीनवर बसला. स्वतःची कामं घेऊन, दुसऱ्या कुणाचा तक्ता न घेता. असेंब्लीचं मॉडेल, मिनी प्रोजेक्टचं स्ट्रेस ॲनॅलिसिस, थोडं पायथन. प्रत्येक काम आधी चार कोअरवर, मग आठवर, मग सोळावर. शेजारी वही, वहीत वेळ आणि रॅम किती खाल्ली ते. दुसऱ्या संध्याकाळी वही माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "दादा, मॉडेलिंगला काहीच फरक नाही. ॲनॅलिसिसला आठपर्यंत आहे, पुढे नावालाच. पण एक गंमत आहे. जाडी बदलून बदलून सोळा वेगवेगळ्या केस एकदम लावल्या की मात्र हा खरंच मस्त पळतो."

"अशा सोळा केस वर्षातून किती वेळा लावशील?"

"दोनदा. फार तर तीनदा."

मंडळी, माझं मत इथं पक्कं झालं, आणि तेच सांगायला हा सगळा प्रपंच. हा प्रोसेसर वाईट नाही. महागही नाही, जर त्याला काम असेल तर. त्याचा खरा दोष त्याच्या आत नाहीच, तो ठेवला कुठं जातो त्यात आहे. हॉस्टेलच्या खोलीत एकट्याच्या टेबलावर ठेवला तर वर्षातले तीन दिवस तो सोळा कोअरचा असतो आणि उरलेले दिवस सिनेमा बघायचं यंत्र. तोच लॅबमध्ये ठेवला, इको मोडवर, दिवसरात्र चालू, तर एकाचं रेंडर, दुसरीचं कंपायलेशन, तिसऱ्याच्या सोळा केस असं करत त्याची एकही मावशी रिकामी बसत नाही. ट्रॅक्टर प्रत्येकाच्या दारात असावा असं वाटणं चूक नाही, पण दोन एकरवाल्यानं तो कर्जानं घेतला की काय होतं ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरी पाहिलंय. गावात भाड्यानं ट्रॅक्टर मिळतो म्हणून तर नांगरट होते.

तेव्हा आता थोडं आपल्या प्राध्यापकांशी. सर, मॅडम, तुमच्या लॅबमध्ये तो ट्रॅक्टर आहे. पण गोठ्याला संध्याकाळी कुलूप लागतं. आमची कामं रात्रीची असतात. मशीन चालू ठेवून कॉलेजच्या नेटवर्कवरून हॉस्टेलमधून लॉगिन करायची सोय झाली तर लॅब उघडी ठेवायची, शिपाई काकांना बसवायची गरज पडणार नाही. गैरवापर होईल, ही तुमची भीती अगदी रास्त आहे. मग नंबर लावायला वही ठेवा, प्रत्येकाला वेगळं खातं द्या, गेम चालवताना सापडला तर एक सेमिस्टर बंदी घाला. आम्ही चौघं ती व्यवस्था लावायला आणि पुढच्या बॅचला शिकवायला तयार आहोत. मागच्या वर्षीचं आमचं पापही थोडं फिटेल. आणि पुढच्या खरेदीत थोडे पैसे निघाले तर प्रोसेसर नको, रॅमची मोठी जोडी घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत हे माहीत आहे, तरीही. मेश मावली नाही तर सोळा कोअरनं करायचं काय?

आणि मित्रांनो, तुमच्याशी एवढंच. दुकानात जायच्या आधी दोन संध्याकाळी खर्च करा. आपलं काम आपणच मोजा. तक्त्यात पहिला कोण आहे हे सगळे सांगतील, तुमचं काम काय आहे ते तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. ज्याचं काम खरंच सोळा मावश्यांचं आहे, रोजचं आहे, त्यानं बेलाशक घ्यावा. जाड कूलर घ्यावा, रॅमची जोडी घ्यावी, इको मोड लावावा आणि आमच्या शुभेच्छा घ्याव्यात.

परवा रात्री पुन्हा टकटक झाली. तोच पोरगा, पुन्हा चार घड्यांचा कागद. नवीन कोटेशन. आठ कोअरचा प्रोसेसर, रॅम सोळा-सोळाच्या दोन काड्या, पॉवर सप्लाय नावासकट आणि वॅटसकट. पतसंस्थेतून उचलायची रक्कम जवळजवळ निम्म्यावर आलेली. या वेळी निळी रेघ रॅमच्या ओळीखाली होती.

"आणि यूपीएस?" मी विचारलं.

"दादा, ते पुढच्या महिन्यात बघू."

म्हटलं, असू दे. एवढं तर आपल्यालाही चालतं.